भाऊजी, कॅमेरा खाली ठेवायचा होता

भाऊजी, तुम्ही गेल्यापासून घरात तुमच्या कलेचं इतकं कौतुक चाललंय, की निदान ते ऐकायला तरी तुम्ही चार दिवस थांबायला हवं होतं. जो भेटायला येतो तो रुमाल काढतो आणि म्हणतो, "फार मोठा कलाकार गेला हो." हीच माणसं मे महिन्यात तुम्ही गळ्यात कॅमेरा अडकवलात की "आला बघा टेहळ्या" म्हणून पाठ फिरवायची. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. परवा तुमच्या अक्कांचे यजमान म्हणाले, "सुभाषच्या फोटोत जीव असायचा." त्यांचा तोंड उघडं टाकून घोरतानाचा फोटो तुम्ही काढलात, तेव्हा याच गृहस्थांनी त्याचे तुकडे करून संडासात टाकले होते. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. हसू फुटेल की रडू, याचा भरवसा वाटेना, म्हणून तशीच आत गेले.

मी तुमची थोरली वहिनी. तुम्ही होतात तेव्हा मी कधी तुमचं कौतुक केलं नाही. आता करायला लागले तर तुम्हालाच वाटेल, वहिनींना कुणीतरी पढवून पाठवलंय. आपलं बोलणं कायम भांडणाचं. दीर-भावजयीत थट्टा चालतेच, म्हणून लोक तिला थट्टा समजायचे. त्यातली निम्मीच थट्टा होती, हे तुम्हाला आणि मला ठाऊक होतं. उरलेलं निम्मं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. अर्ध्यावर टाकण्यात तुमचा हात कोण धरणार म्हणा.

आपल्या घराचा मे महिना म्हणजे सगळा उलटा कारभार. सुट्टी लागली की अख्खी मुंबई गावाला पळते, आणि आपलं साताऱ्याकडचं गाव उठून जुईनगरला आमच्या दारात येतं. कारण तुमचे दादा. तुर्भ्याच्या फळबाजारात पेट्या उतरवणाऱ्या टोळीचे ते मुकादम, ऐन आंब्याच्या सीझनला त्यांना जागचं हलता येत नाही. अंधारात घर सोडायचं आणि दुपारी अंगाला गवत चिकटलेलं, खांद्यावर डागी आंब्याची पेटी, अशा थाटात परत यायचं. तुमच्या आई होत्या तेव्हा त्यांनीच फर्मान काढलं होतं, "त्याला येता येत न्हाय तर आपुन जाऊ." झालं. आई, अक्का, अक्कांचे यजमान, त्यांची पोरं, शिवाय नेरूळहून तुम्ही, वनिता आणि तुमचं बाळ. आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. कॉटखाली आंबे, माळ्यावर आंबे, पेट्यांतलं गवत पार देवघरापर्यंत. सगळे महिनाभर खाऊन-पिऊन, हापूसची पेटी घेऊन, "काय मजा आली" म्हणत परतायचे. आंबा फुकटचा आणि वहिनी पण फुकटची.

त्यात तुम्ही तो कॅमेरा घेतलात. रद्दीवाल्याकडच्या कुठल्याशा इंग्रजी मासिकात काहीतरी वाचलंत आणि घरात येऊन जाहीर केलंत, "आता पोज बंद. ह्या वर्षी फक्त कँडिड."

आईंनी विचारलं, "म्हंजी काय रं?"

"म्हणजे आई, तू तुझं काम करत राहायचं. मी कधी फोटो काढला ते तुला कळणार पण नाही. एकदम नॅचरल."

"मग मी केस कवा विंचरायचं?"

तुम्ही कपाळावर हात मारलात. मला मात्र वाटलं, तुमच्या त्या अख्ख्या मासिकापेक्षा हा एक प्रश्न शहाणा होता.

पुढं जे झालं ते आठवलं की अजून माझं पोट दुखतं. तुम्ही पाण्याच्या पिंपाआड लपायचात. वाळत घातलेल्या लुगड्यांमधून तुमचं टक्कल चमकायचं. तुम्ही कुठं आहात हे अख्ख्या घराला माहीत असायचं आणि कुणालाच माहीत नाही असं सगळे दाखवायचे. अक्का लसूण सोलायला नथ घालून बसायच्या. अक्कांचे यजमान, कधी चुकून हसलेले कुणी बघितले नव्हते, ते सकाळपासून गालात हसत बसायचे, न जाणो केव्हा फोटो निघेल. पोरं एकमेकांना घास भरवायला लागली. तुमचे दादा, जे कधी लेकराला उचलून घेत नाहीत, त्यांनी तुमचं बाळ इतका वेळ मांडीवर धरलं की त्यानं त्यांची लुंगी भिजवली. आणि तुम्ही? एकदा अक्का माझ्यावर कोथिंबिरीवरून खेकसल्या. तो क्षण तुमचा हुकला. तर तुम्ही लुगड्याआडून बाहेर येऊन काय म्हणालात? "अक्का, तसंच परत एकदा ओरड ना!" आणि अक्का ओरडल्या. नथ सावरून, आवाज चढवून, पहिल्यापेक्षा जोरात. कोथिंबिरीच्या एका जुडीवरून मी दोनदा शिव्या खाल्ल्या, दुसऱ्यांदा केवळ तुमच्या कलेसाठी.

तुमची खरी फजिती केली ती करावे गावच्या मासळीवालीनं. ती दाराशी बसून कोळंबी निवडून देत होती आणि तुम्ही खांबाआडून नेम धरला होतात. तिनं मान वर न करता म्हटलं, "का रं, कवाशी काय बगतंस? मानूस हाय मी. इचारून काड ना फोटो."

तुम्ही म्हणालात, "मावशी, विचारलं की मजा जाते."

"तुजी मजा जाते, माजं काय? न इचारता घेतलं तं चोरीच ना ती." मग तिनं हात धुतले, डोईवरचं फूल नीट केलं, पाटी बाजूला सारली, ताठ बसली आणि म्हणाली, "हां. आता काड."

तुम्ही काढला नाहीत. "रोल वाया जाईल" म्हणालात. ती आपली तशीच ताठ बसून राहिली, मग पाटी उचलून निघून गेली. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता. माझ्या माहेरी एकच फोटो होता. माझे वडील खुर्चीवर, आई डोक्यावरून पदर घेऊन शेजारी, आम्ही पोरं खाली मांडी घालून, सगळ्यांची तोंडं समोर. फोटोवाला गावात आला तेव्हा आईनं आम्हाला दुपारी परत आंघोळ घातली होती. तुम्ही असल्या फोटोला हसायचात, "वहिनी, ते काय, चौकीत उभे केल्यासारखे." पण भाऊजी, त्या माणसानं माझ्या आईला विचारलं होतं, "बाई, तयार?" आईला आयुष्यात असं दुसऱ्या कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

मी किती मे महिने तुमच्या मागं लागले होते, सगळ्यांचा एक सरळ फोटो काढा म्हणून. तुम्हाला ते कमीपणाचं वाटायचं. कलाकार ना तुम्ही. बेलापूरच्या ऑफिसात दिवसभर फायली वर-खाली करणारा कलाकार.

आता त्या फोटोबद्दल बोलते.

दुपारची वेळ. बाहेरच्या खोलीत पुरुषांची पंगत बसलेली. आमच्याकडं पहिली पुरुषांची, मग पोरांची, आई आणि अक्का पोरांबरोबर, आणि मग उरलं-सुरलं, गार झालेलं असेल त्यात मी आणि वनिता. त्या दिवशी पहिला रस पुरला नाही. भरभरून वाट्या, वर तूप, आणि "आन गं अजून." मी मोरीच्या उंबऱ्यावर परात घेऊन दुसऱ्यांदा आंबे पिळायला बसले. पहाटे तुमच्या दादांबरोबर कपभर चहा घेतला होता, त्यानंतर पोटात काही नव्हतं. कोपरापर्यंत रस ओघळत होता, अंबाडा सुटला होता. पिळून झालेल्या कोयी शेजारी पडल्या होत्या. त्यातली एक मी उचलली आणि चोखायला लागले. मग दुसरी. भूक लागली की माणूस काय करणार.

बाहेरून तुमची नजर आत गेली. तुम्ही उष्टा हात पंच्याला पुसलात, भरल्या ताटावरून उठलात, खुंटीवरचा कॅमेरा घेतलात आणि दारातनं फोटो काढलात. आवाज झाला तशी मी वर बघितलं. तुम्ही हसलात. वाईट नाही, चांगलंच हसलात, एखादी छान वस्तू सापडल्यासारखं. आणि परत जाऊन ताटावर बसलात.

आठवड्याभरात फोटो धुऊन आले. तुम्ही ते पंगतीसारखेच सगळ्यांत फिरवलेत. माझा फोटो अक्कांच्या हाती गेला तशी त्या किंचाळल्याच, "अगं बया! घरात पेट्यांची थप्पी आन् मुकादमाची बायकू कोयी चोखतीया!" सगळे हसले. पोरं हसली. वनितासुद्धा पदर तोंडाला लावून हसली, तिला मी दोष देत नाही, तिला सासरी सगळ्यांबरोबर हसावंच लागत होतं. तुमचे दादा हसले नाहीत. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "असले फोटू काय काढतो रे? बाजारात कोनी बघितला तर बोलंल, मी बायकोला खायला घालत नाय. फुकटचं टेन्शन." बायकोला भूक लागली होती, हे त्यांच्या डोक्यात शेवटपर्यंत आलं नाही. बाजारातल्या अब्रूचा प्रश्न तेवढा आला.

तुम्ही माझ्या मागं स्वयंपाकघरात आलात. "वहिनी, रागावू नका. आजपर्यंतचा माझा सगळ्यात चांगला फोटो आहे हा. बघा ना, मोरीच्या खिडकीतनं उजेड कसा आलाय."

"उजेड?"

"आणि खरा आहे. ह्या घरात तुमच्याकडं कोण बघतं? मी बघितलं."

"बघितलंत. मग?"

"मग काय?"

"मग बाहेर जाऊन काय केलंत?"

तुम्हाला आठवत नव्हतं. कसं आठवणार? मला आठवत होतं, म्हणून मीच सांगितलं, "दुसऱ्यांदा रस मागितलात. मीच वाढला."

भाऊजी, तुमचा चेहरा तेव्हा असा उतरला की आज सांगते, मला त्यात सुखच वाटलं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितले होते, पण उंटावरून शेळ्यांचे फोटो काढणारे तुम्ही पहिलेच. बाकीच्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांच्यावर मी चिडत नसे. गाढवाला गुळाची चव काय. पण तुम्हाला दिसलं होतं. डोळ्यांनी दिसलं, भिंगातनं दिसलं, उजेडासकट दिसलं. आणि तरी तुम्हाला फोटोच सुचला. एक ताट उचलून माझ्यासमोर ठेवायला कुठलं मासिक लागत होतं?

पुढल्या मे महिन्यात तुम्ही आलात ते कॅमेरा फ्रिजवर ठेवूनच. बाह्या सारल्या आणि स्वयंपाकघरात शिरलात. "आज बायकांची पंगत पहिली. आम्ही वाढणार." मला वाटलं, चेष्टा करताय. पण तुम्ही खरंच पाट मांडलेत, स्वयंपाकघरातच का होईना. दोन ताटं वाढलीत, माझं आणि वनिताचं. वाटीत रस घातलात, थोडा सांडलात. वनिता लाजेनं अर्धी झाली होती, पण बसली. मी पण बसले. भाऊजी, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की माझं मलाच शरमल्यासारखं झालं.

तेवढ्यात बाहेरून तुमच्या आईंची हाक आली. "सुभ्या! बाहेर ये. बायकात काय नाचतोस? मानसं ताटकळल्याती."

एक हाक. फक्त एक. तुम्ही रसाचं पातेलं जिथं होतात तिथंच खाली ठेवलंत, आमच्याकडं बघितलंसुद्धा नाहीत, आणि बाहेर गेलात. वनिताचा हात ताटात होता. पोळीचा तुकडा मोडून तिनं रसात बुडवला होता. बाहेर पुरुष खोळंबलेले आणि आम्ही बसलेल्या, असं कसं चालणार? आम्ही उठलो. भिकाऱ्यालाही भरल्या ताटावरून उठवू नये म्हणतात, आणि तुम्ही स्वतः वाढून, आग्रह करून, स्वतःच्या बायकोला ताटावरून उठवलंत. वनितानं तो रसात बुडवलेला तुकडा परत ताटाच्या कडेला ठेवला आणि हात धुतला. पंगत वाढताना ती एकदाही माझ्याकडं बघेना.

त्यापेक्षा तुम्ही नुसते फोटो काढत बसला असतात तरी परवडलं असतं. निदान आम्ही आशेला लागलो नसतो. न उठणाऱ्या माणसाला मी समजून घेईन, पण उठून अर्ध्या वाटेवरून पळणाऱ्याचं काय करायचं? तुम्ही वाघासारखे आत आलात आणि मांजरासारखे गेलात.

त्यानंतर तुम्ही घरातल्या माणसांचे फोटो काढणं सोडलंत. मे महिन्यात सकाळीच करावेच्या खाडीवर जायचात आणि बगळे टिपायचात. मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "बरं झालं, बगळ्यांना वाढावं लागत नाही." तुम्ही खाली मान घालून बुटांचा चिखल काढत राहिलात. आता सगळे त्या बगळ्यांच्या फोटोंची तारीफ करतात. अक्कांच्या यजमानांना एक मोठा करून हवाय, भिंतीवर लावायला.

पण एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले नाही. त्या दिवसापासून तुम्ही पंगतीत दुसऱ्यांदा रस घेतला नाहीत. एक वाटी झाली की वाटीवर हात. "नको वहिनी, पुरे." तुमचे दादा म्हणायचे, "घे रे, डाएट करतो काय?" तुम्ही काहीतरी पोटाचं कारण सांगायचात. तुमच्या पोटाला काही झालेलं नव्हतं. तुम्हाला रस किती आवडतो हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत आले होते. दर मे महिन्यात मी मुद्दाम तुमच्यापाशी पातेलं घेऊन जरा जास्त वेळ थांबायचे, बघू तरी. तुमचा हात वाटीवरून कधी हलला नाही. तुमच्यासारखंच मी पण न सांगता बघत होते, भाऊजी. फरक एवढाच, मी कुणाला दाखवलं नाही.

एवढंच तुमच्याकडून जमलं. एक वाटी रस सोडणं. अख्ख्या घरात एकालाच दिसलं आणि तोही असा भित्रा. तरी माझ्या वाट्याला तेवढंच आलं होतं, आणि त्याचं मला अजून मोल आहे. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले ती त्या वाटीवरच्या हातासाठी. कलाकाराबिलाकारासाठी नाही.

परवा तुमचं तेरावं झालं. थोरल्याचं घर म्हणून आमच्याचकडं. आई आता नाहीत, पण अक्कांनी त्यांचा तो आवाज जसाच्या तसा उचललाय. गोडाचं जेवण होतं, लापशी आणि आमटी-भात. बाहेरच्या खोलीत पुरुषांची पहिली पंगत बसलेली, लापशी-भात ताटात वाढून झालेला, आमटी तेवढी वाढायची राहिलेली. भिंतीवर तुमचा ऑफिसच्या कार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला, डोळे टक्क उघडे. तुमच्यासारखा न दिसणारा तोच एक फोटो सगळ्यांना पसंत पडला.

वनिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळपासून तिच्या पोटात काही गेलेलं नव्हतं. सगळे विधी तिच्यासमोर, सगळ्यांचं रडणं तिच्या गळ्यात, आणि जेवायची वेळ आली तेव्हा अक्का म्हणाल्या, "तू आतच बस गं. असल्या दिशी पुढं पुढं करू ने. समद्यांचं झालं की मग बघू तुझं." वनितानं मान हलवली आणि पातेल्यांच्या मागं कोपऱ्यात जाऊन बसायला लागली. आधीच जागा माहीत असल्यासारखी.

तेव्हा मी भाताचं पातेलं खाली ठेवलं. वनिताचा हात धरला आणि बाहेर आणलं. पंगतीत दोन पाट अजून रिकामे होते, एक तुमच्या दादांचा आणि एक अक्कांच्या यजमानांचा, ते हात धुवायला गेले होते. एकावर तिला बसवलं आणि दुसऱ्यावर मी बसले.

अक्कांचे यजमान टॉवेलला हात पुसत आले आणि आपल्या जागेवर मला बघून तिथंच थांबले. मग अक्कांचा आवाज आला, "मंदा! जनाची न्हाय तर मनाची तरी लाज धर. विधवा बाई पयल्या पंगतीला? ऊठ. तिलाबी उठीव."

तीच हाक, भाऊजी. तसाच सूर. वनिताचं अंग आपोआप उठायला लागलं, मला तिच्या दंडाला ते जाणवलं. तुमच्या बायकोला त्या हाकेवर उठायची सवय तुम्हीच लावून गेला होतात. मी तिचा दंड सोडला नाही. म्हटलं, "अक्का, तिच्या नवऱ्याचं तेरावं आहे. तिच्या आधी इथं कुणाला भूक लागली असेल तर त्यानं हात वर करावा."

मी उठले नाही.

कुणी हात वर केला नाही. कुणी वाढायलाही हललं नाही. वाढणारी मीच, आणि मीच बसलेली, त्यामुळं सगळी पंगत रिकाम्या वाट्या समोर घेऊन तशीच बसून राहिली. सगळे तुमच्या दादांकडं बघायला लागले. तुमचे दादा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार, आणि मी मनाशी ठरवलं होतं की ओरडला तरी बसून राहायचं.

ते आत गेले आणि आमटीचं पातेलं फडक्यात धरून घेऊन आले. हापूसच्या पेट्यांची रास डोक्यावर तोलणारा माणूस, पण पळी कशी धरतात हे त्याला ठाऊक नव्हतं. वनितासमोर वाकले आणि माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "कुटं वाढू? भातावर का वाटीत?"

"वाटीत," मी म्हटलं.

त्यांनी तिची वाटी भरली, कडेपर्यंत, वर सांडेपर्यंत. मग माझी भरली. अक्का रागानं तरातरा आत निघून गेल्या, पण कुणी त्यांच्या मागं गेलं नाही. वनितानं भात कालवला आणि पहिला घास घेतला. ती रडत रडत जेवत होती, पण जेवत होती.

मग मी वाटी तोंडाला लावली. आमटी थेट गॅसवरनं आली होती, चांगली वाफाळलेली. जीभ भाजली, भाऊजी. या घरात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.